कापसाच्या पल्याडचा खोकला

त्या साली कापूस घरात होता आन मी घराच्या मागं.

आमचं घर म्हणजे दोन खोल्या. समोरच्या खोलीत चूल, निजणं, आल्यागेल्याचं बसणं, सगळं तिथंच. तिच्या मागं दुसरी खोली. आन त्याच्याही मागं बांबूच्या तट्ट्याची एक सपरी, तिथं पहिले बकऱ्या बांधत. त्या साली बोंडअळीनं पऱ्हाटीची वाट लावली. झाड उभं हिरवंगार दिसे, बोंड फोडलं का आत गुलाबी अळी वळवळे. जो कापूस हाती आला त्याले भाव नव्हता, म्हणून सासूनं तो विकूच देला नाई. दुसरी खोली तिनं खालपासून वरच्या टिनापर्यंत कापसानं भरली. खाट काढली, पेटी काढली, माह्या माहेरचं कपाट काढलं. "संक्रांत झाली का भाव येईन," म्हणे. संक्रांत झाली. "होळीले येईन," म्हणे. सगळ्या गावाचीच ही गत होती, लोक कापसावर निजत आन आंग खाजवत.

मले कापसावरबी जागा नव्हती. मी सपरीत. समोरच्या खोलीत माही दीड वर्षाची पोरगी. आमच्या दोघीच्या मधात दहा हात कापूस.

हे कसं झालं ते सांगते.

बिमारी कधी लागली ते मले धड सांगता येत नाई. डॉक्टर लोक महिना विचारतात. येचणीच्या दिवसात सकाळी वावरात गेली का माहे बोटं पांढरे पडत, खडूवाणी, मंग निळे, मंग निरा आग. बाया हासत. "थंडी लागते वो राणीले." मंग दम लागाले लागला. पहिले कमरेच्या वटीत कापूस भरला का लागे, मंग रिकाम्या वटीनंबी लागाले लागला. हापशीवरून हंडा आणता आणता दोनदा टेकू लागे. आन खोकला, कोरडा, सूं करून आतून निघे आन काही म्हणून पडे नाई. सासू शेजारणीले म्हणे, "आम्ही बाळंत होऊन सव्वा महिन्यात वावरात गेलो. हिले पाहा, श्वास घ्यालेबी मजूर लावा लागते."

शेजारीण हासली. मीबी हासली. हासताना खोकला आला.

तालुक्याच्या एका डॉक्टरनं छातीचा फोटो काढला, खिडकीच्या उजेडात धरला, म्हणे टीबी दिसते. थुंकीत काही निघालं नाई, तरी म्हणे गोळ्या चालू करून टाकू, उशीर नको. मी आठवी शिकली, टीबी कशानं होते ते पुस्तकात होतं, मले माहीत होतं. सासूले पुस्तकाची गरज नव्हती. तिची एक नणंद टीबीनं गेलती. घरी येऊन दारात पाय ठेवल्या ठेवल्या सासूनं माह्या कडेवरून पोरगी उचलली, तव्यावरची भाकर उचलावं तशी, झटकन.

"आत्याबाई, दूध प्यायची हाय ते."

"प्यायली तेवढी लय झाली. आता तुहं काही तिच्या पोटात जाऊ देत नाई मी."

पोरीच्या बापाकडं मी पाह्यलं. तो खिळा शोधून राह्यला होता. त्यानं माह्या ताटाच्या काठावर फुली मारली, गिलासावर मारली. तो वाईट माणूस नाई. पण फुली त्यानं चांगली खोल मारली, घासून जायची नाई अशी.

सपरीत मी चार दिवस तापानं फणफणली. तो ताप बिमारीचा नव्हता, दुधाचा होता. छाती दगडावाणी झालती. मी मागच्या निंबाच्या बुडाशी बसून दूध पिळून टाको आन मुंग्या येत. पाचव्या-सहाव्या दिवशी मुंग्याबी येणं बंद झाल्या.

आता कापसाचं. कापूस आवाज खाते, हे मले तवा समजलं. समोरच्या खोलीत पोरगी रडे ते मले आयकू येत नव्हतं. बोललेलं तर काहीच नाई. मी इकडून तिले हाका मारल्या, त्या कापसात जाऊन बसल्या. एकच आवाज पल्याड जाये, तो माहा खोकला. तो छातीच्या इतक्या बुडातून निघे का त्याले कोणती भिंत नव्हती.

एक दिवस दुपारी सगळे वावरात, घरात पोरगी आन सासू. मी खोकलली. तिकडून आवाज आला, "खो." बारका. मी कान देला. मंग मुद्दाम खोकलली. तिकडून पुन्हा, "खो, खो." आन हासणं. हासणंबी आलं मंग; पोरगी कापसाले खेटूनच बसली असन, आन कापसाच्या आन टिनाच्या मधात जरासीक फट होती तिथून.

माही पोरगी मले खोकल्यानं हाक मारून राह्यली होती.

तवापासून आमचं तेच चाले. मी एकदा खोकलली का ते एकदा. मी दोनदा का ते दोनदा. कधी मी झोपेत राहो, तर तेच आधी खोकून मले उठवे. आई म्हणणं तिले येत होतं, पण ते सासूले आई म्हणाले लागली होती. माह्यासाठी तिनं हा दुसरा शब्द ठेवला होता. मी दिवसभर त्याचीच वाट पाहो. माह्या बिमारीचा मले तेवढाच एक फायदा झाला.

पंधरा दिवस झाले असतीन. सासूनं आयकलं.

ते सपरीच्या दारात आली, आत आली नाई, पदर नाकाले लावून उभी. "लागला तिले," म्हणे. "घेतला जीव पोरीचा."

"आत्याबाई, तिचा खोकला खोटा हाय. ते खेळते माह्यासंग."

"खोकल्यासंग कोनतं लेकरू खेळते वं?"

"खरंच. मी खोकलली का ते खोकलते. पाहा आता." आन मी खोकून दाखवलं. तिकडून काहीच आलं नाई. पोरगी झोपली असन. सासूनं माह्याकडं असं पाह्यलं का जसं मी चोरी करून वर शपथ घेऊन राह्यली.

पोरीले तालुक्याले नेलं. हाताले सुई टोचली, फोटो काढला. फोटो साफ निघाला. तरी घरात टीबीचा माणूस हाय म्हणून तिले गोळी देली, रोज एक, सहा महिने. सासू ते गोळी गुळात चुरून पोरीचं नाक दाबून खाऊ घाले. ते रडणं मात्र मले बरोबर आयकू ये, कारण ते चुलीपाशी नाई, मागच्या दारी चाले, मले दिसन असं. गोळी कोणासाठी होती काय माहीत.

मंग मी खोकणं सोडलं. म्हणजे खोकला सोडता येत नाई, पण आवाज सोडला. दुपट्ट्याचा बोळा करून तोंडात धरो आन आतल्या आत खोको, डोळ्यातून पाणी ये, पोटात पीळ पडे. मले वाटे मी खोकलली नाई तर तेबी खोकणार नाई, मंग गोळी बंद होईन. पल्याडून पोरगी "खो" करे. थांबे. पुन्हा "खो" करे. मी दुपट्टा चावत राहो. आठ-दहा दिवसानं तिनंबी सोडून देलं.

टीबीच्या गोळ्यायनं लघवी लाल होये, मी भेली का रक्त जाते. दम काही कमी झाला नाई. तीन महिन्यानं मी सपरीपासून संडासापर्यंत जाता जाता खाली बसली ते उठलीच नाई, तवा पोरीच्या बापानं मले यष्टीत घातलं आन नागपूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं.

तिथं एक डॉक्टरबाई होती, माह्याच वयाची असन. तिनं कानातली नळी पाठीले लावली, "श्वास घ्या, सोडा," आन चेहरा बदलला तिचा. म्हणे, वेलक्रोची पट्टी उचकटल्यावाणा आवाज येते. बोगद्याच्या मशीनमंधी टाकलं, रक्त घेतलं, नळीत फुंकाले लावलं, मी फुंकू फुंकू थकली. चार दिवसानं म्हणे, "तुम्हाला टीबी नाही."

मी विचारलं, "मंग काय हाय?"

तिनं नाव सांगतलं, लांब, मले आजही घेता येत नाई. मी म्हटलं, बाई, मले समजन असं सांगा. ते माह्या खाटेवर बसली. म्हणे, रक्तात पांढऱ्या पेशी राहतात. काही पेशी रोगाशी भांडतात. काही जखम बुजवतात. आन काही पेशीयचं काम एवढंच, का बाकीच्यायले सांगणं, झालं, बस करा. तुमच्यात या बस म्हणणाऱ्या कमी पडल्या. म्हणून भांडणाऱ्या विनाकारण भांडतात, आन बुजवणाऱ्या बुजवतच राहतात, जखम नाही तिथंबी. फुप्फुस कडक होत चाललं.

मले माह्या आजीची गोधडी आठवली. तिचे हात थांबत नसत. फाटो ना फाटो ते ठिगळ लावे, ठिगळावर ठिगळ, टाक्यावर टाका. शेवटी ते गोधडी अशी झाली का तिची घडी पडे नाई, आंगावर घेतली का दाराच्या फळीवाणी उभी राहे. माह्या छातीत तशी गोधडी झाली होती. आन बस म्हणणारं कोणी नव्हतं. ते तर आमच्या घरातबी कोणी नव्हतं.

"कापसानं झालं का?" मी विचारलं. मले मनातून वाटे तिनं हो म्हणावं. कापूस एक दिवस गाडीत भरून जाईन, बिमारी त्याच्यासंग जाईन.

"कापसाच्या धुळीनं त्रास वाढला असेल. पण आजार तुमच्या स्वतःच्याच पेशींचा आहे."

म्हणजे आळ घ्यालेबी दुसरं कोणी नाई.

मंग ते म्हणे, तुमच्यासारख्या पेशंटच्या पेशी आम्ही मोजून राह्यलो, गोळ्या सुरू करायच्या आधी आन नंतर. तुमचं रक्त देसान का? सही लागन. मी म्हटलं, माहा काय फायदा? ते खोटं बोलली नाई. "तुम्हाला लगेच काही नाही. पुढच्यांना होईल."

"पोरीले लागते का हे? जवळ घेतल्यानं?"

"नाही. अजिबात नाही."

"तसं कागदावर लिहून द्या. मराठीत. मंग रक्त लागन तेवढं घ्या."

"ते तर मी अशीच लिहून देईन," म्हणे, आन हासली. पण मी आधी सही केली. फुकटचं घ्यायची मले भीती वाटे.

रंगीबेरंगी टोपणाच्या नळ्या भरून तिनं रक्त नेलं. दुसऱ्या दिवशी मोबाइलमंधी दोन फोटो दाखवले, निरा ठिपके, जसा कोणी भिंतीवर रंग शिंतोडला. "ह्या तुमच्या पेशी. अन् ह्या निरोगी माणसाच्या. इथं बघा, हा थवा दाट आहे. तुमच्यात विरळ."

"हा निरोगी माणूस कोण?"

मंग म्हणे, "मी."

मी दोन्ही फोटो पाह्यले. एकाच वयाच्या दोघी. तिनं मोबाइल खिशात टाकला आन मी चादर नीट केली.

सुट्टीच्या दिवशी तिनं कागद देला. समोरच्या बाजूनं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, हा आजार कोणालाही लागत नाही, आईने बाळाला जवळ घेण्यास हरकत नाही. मी तो तिथंच तीनदा वाचला. मंग तिनं गोळ्या समजावल्या, आन म्हणे, या गोळ्यायनं भांडणाऱ्या पेशी दबतात, पण त्या दबल्या का बाहेरचा रोगबी लवकर लागते. गर्दीत जायचं नाई. सर्दी-खोकला असलेल्या माणसाजवळ बसायचं नाई.

"आन लेकरू?"

"लेकराला सर्दी-खोकला असेल तेवढे दिवस लांबच राहा. तुमची फुप्फुसं आधीच... साधा खोकलाही महागात पडेल." आन विसरू नये म्हणून तिनं कागद उलटा केला आन मागं हेबी लिहिलं.

यष्टीत मी तो कागद हातात धरून बसली. समोर लिहिलं होतं का माह्यापासून पोरीले भेव नाई. मागं लिहिलं होतं का पोरीपासून मले हाय. यवतमाळ येईपर्यंत मी त्याची घडी केली, मागची बाजू आत जाईन अशी. पोरीचा बाप खिडकीशी झोपला होता.

घरी त्यानं कागद मोठ्यानं वाचला, समोरचा तेवढा. सासूनं आयकून घेतलं. म्हणे, "कागदाले काय होते? बियाण्याच्या पिशवीवरबी लिहेल होतं का अळी लागत नाई म्हणून."

मी पुन्हा सपरीत.

पण तिनं जे कागदावरून मानलं नाई ते माह्या गालावरून मानलं. त्या गोळ्यायनं तोंड सुजते, डॉक्टरबाईनं सांगतलं होतं. महिना-दीड महिन्यात माहं तोंड चंद्रावाणी गोल झालं, गाल वर आले, हनुवटी दोन झाल्या. बाया हापशीवर म्हणाले लागल्या, "आंग भरलं वो हिचं. नागपूरचं पाणी मानवलं." टीबीचा माणूस सुकते, आमच्याकडं सगळ्यायले हे माहीत हाय. आन मी तर फुगून राह्यली होती. सासूनं दोन-चार दिवस मले न्याहाळलं. मंग माहं फुलीचं ताट तिनं राखेनं घासून बाकी ताटायत ठेवलं. मले काही म्हणली नाई. शेजारणीले म्हणली, "गेला तिचा टीबी. गाल पाहाना."

दम तर लागेच. जरासा कमी, पण लागे. भरल्या गालाच्या बाईचा दम कोण पाह्यते?

त्याच हप्त्यात कापूस गेला. भाव आला नव्हता, सासूच्या आंगाले खाज सुटली होती. माणसं आली, खोली उकरली, गाडी भरली. दुपारपर्यंत खोली मोकळी. सगळ्या घरात कापसाचं तूस उडून राह्यलं होतं, उन्हाच्या पट्ट्यात दिसे, आन जो तो खोकलत होता, माणसं खोकलत, पोरीचा बाप खोकले, सासू पदरात शिंकरे.

मी सपरीच्या दाराशी उभी. इतक्या महिन्यानं पहिल्यांदा आरपार दिसलं, मोकळी खोली, तिकडचं दार, आन दारात पोरगी. झिपऱ्या वाढल्या होत्या, नाकाखाली ओलं होतं. तिनं माह्याकडं पाह्यलं आन सासूच्या लुगड्यामागं सरकली. हे तोंड तिचं ओळखीचं नव्हतं.

"जा ना," सासू म्हणे. "आई हाय तुही." मंग मले म्हणे, "घे आता. इतके दिवस जीव खाल्ला माहा, पोरगी द्या, पोरगी द्या. घे."

तवढ्यात पोरगी खोकलली. एकदाच. आन माह्याकडं पाहून थांबली.

ते हाक होती का तूस होतं का खरा खोकला होता, मले कळलं नाई. पहिले कापसाच्या आडून मी तिचा खोटा खोकला बरोबर ओळखो. आता समोर होती तर ओळखू ये नाई. नाक वाहत होतं. कागद माह्या कमरेले खोचला होता, मागची बाजू आत.

"काहून वं? आता काय झालं?" सासूनं डोळे बारीक केले. "का अजून हाय तुले काही?"

खरं सांगतलं असतं तर पोरगी पुन्हा लांब गेली असती, आन या वेळी मीच लोटली म्हणून. लेकराचा खोकला कोणत्या दिवशी बंद राहते? आज सर्दी, उद्या ताप, मंग पुन्हा सर्दी. आमच्या घरात त्या मागच्या ओळी एकदा वाचल्या गेल्या असत्या का मंग त्या कधीच संपल्या नसत्या.

मी खोकलली. एकदा.

पोरगी ताठ झाली. कान देला तिनं, खरंच, मान वाकडी करून. मंग दोनदा खोकलली आन त्या मोकळ्या खोलीतून धावत आली, माह्या पायाले आदळली. मी तिले उचलली, मले उचलवत नव्हती, तट्ट्याले टेकून उचलली. तिनं माहा सुजेल गाल बोटानं दाबून पाह्यला. मंग माह्या तोंडापाशी तोंड आणून खोकलली, हासली, पुन्हा खोकलली. मी तोंड फिरवलं नाई.

आठ-नऊ दिवस ते माह्यापाशी निजली. सासू म्हणे, "आता समजन तिले, पोरगी सांभाळणं म्हणजे काय."

दहाव्या दिवशी मले ताप भरला आन ओठ निळे पडले. पुन्हा यष्टी नाई, या वेळी गाडी करून नागपूर. नाकाले नळी, हाताले सलाईन. तेच डॉक्टरबाई आली, नळ्या भरून रक्त घेतलं, ते मोजायचंच होतं म्हणे, गोळ्या घेतल्यानंतरचं. मंग फॉर्म काढला, पेन काढलं आन विचारलं, "घरात कोणाला सर्दी-खोकला होता का? लेकराला?"

पोरीचा बाप खाटेच्या पायथ्याशी उभा होता. बाहेरच्या वऱ्हांड्यात सासू पोरीले घेऊन बसली होती.

"नाई," मी म्हटलं. "कोणालेच नाई."

तिनं तसंच लिहिलं. मंग कोणत्या कागदात ते जाईन, कोण वाचन, का हिले घरातून काही लागलं नाई, पेशीयनंच केलं, मले माहीत नाई. माहं एवढंच होतं, का सासूनं ते आयकू नये.

वऱ्हांड्यातून खोकला आला. एकदा, बारका. मंग थांबून दोनदा. तो खोटा होता. या वेळी मी ओळखला.

डॉक्टरबाईनं दाराकडं पाह्यलं. मी दुपट्ट्याचा बोळा तोंडात धरला.